मंगलताई गाडी शिकतात

मंगलताईंच्या गाडीत मी पहिल्यांदा बसले तेव्हा गाडी हलण्याआधी मला तिकीट काढावं लागलं. मागच्या सीटवरून एक सुरकुतलेला हात पुढे आला, माझ्या खांद्यावर टकटक झाली आणि खणखणीत आवाज आला, "बोला बाई, कुठं?"

"बाजारतळापर्यंतच, आप्पा."

"फुल का हाफ?"

माझे केस तेव्हाच अर्धे पिकले होते. मी मुकाट्याने "फुल" म्हटलं. आप्पांनी जुन्या कॅलेंडरचा चतकोर फाडून माझ्या हातात ठेवला, पत्र्यावर दोन थापा मारून डबल बेल दिली आणि मगच मंगलताईंनी क्लच सोडला. गाडीने जागच्या जागी एक उडी मारली आणि ती बंद पडली.

"कुनी उतरू नका," आप्पा शांतपणे म्हणाले, "मागनं दुसरी गाडी येतीय."

मंगलताई माझ्या घरमालकीण. तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा बाजारतळामागच्या गल्लीत त्यांच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली. आमच्यात एका विटेची भिंत होती, पण ती फक्त नजरेपुरती. आवाज तिला जुमानत नसत. त्यामुळे मंगलताईंचा दिवस मला पाहण्याआधी ऐकूनच पाठ झाला. उजाडायच्या आत बादली वाजायची. मग "आत्याबाई, कुशीवर व्हा." मग "मामा, पायजमा उलटा झालाय, काढा बघू." मग भाकरी थापल्याचा आवाज. आणि या सगळ्याच्या मधून मधून देवाशी चाललेलं बोलणं.

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. लकव्याने त्यांची डावी बाजू गेली होती. उजवा हात आणि जीभ या दोन गोष्टी शाबूत होत्या, आणि सगळ्या अंगाचं काम त्या या दोघींकडून करून घेत. मामा म्हणजे सासरे. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची. आयुष्यभर त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली. आता विसरभोळेपणाच्या आजाराने त्यांना बायकोचं नाव आठवत नसे, पण शिरूर ते दौंड रस्त्यावरचे सगळे थांबे ओळीने पाठ होते. घरात कोणीही उंबरा ओलांडला की त्यांच्या दृष्टीने तो गाडीत चढला. तिसरे सोपानराव, मंगलताईंचे यजमान. ते सणसवाडीच्या एका कारखान्यात शिफ्टला जात. घरी असले की झोपलेले असत, जागे असले की कंपनीत असत. माणूस देवभोळा, सरळ. आईचे हाल त्यांना बघवत नसत, म्हणून ते बघत नसत.

राहिल्या मंगलताई. ठेंगण्या, भरदार, पदर कायम कमरेला खोचलेला. पिठाचा हात कपाळाला लागून त्यांच्या कुंकवाशेजारी नेहमी एक पांढरा पट्टा असायचा. चहा करून तो खिडकीत ठेवायच्या आणि आत्याबाईंची हाक यायची. परत येऊन कप उचलायचा तर आप्पा दाराची कडी काढून गल्लीत निघालेले असायचे. "चा गरम असतो ह्ये मी नुसतं ऐकलंय बाई," त्या मला म्हणायच्या आणि तो गार चहा एका घोटात संपवायच्या.

देवाशी त्या अशा बोलत जशा घरात बसून खाणाऱ्या धाकट्या दिराशी बोलाव्यात. देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक होता. त्याला अंघोळ घालताना म्हणायच्या, "आत्याबाईस्नी घातली, मामास्नी घातली, आता तुझा नंबर. तू तरी अंग चोरू नगं." भाकरी करपली की तोही देवाचाच दोष. आणि पाठीत भरून आलं की भिंतीला टेकून म्हणायच्या, "ऐकतूयास न्हवं? का तूबी शिफ्टला ग्येलायस?"

एका रविवारी दुपारी त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा असा, की कोणी गेलं की काय असं मला वाटलं.

"बाई, सपान पडलं."

"अहो, तुम्हाला झोप लागली कधी?"

"कुकर लावला व्हता. भिंतीला टेकले. एक शिट्टी ऐकली, दुसरी न्हाई ऐकली. त्यातच पडलं." त्यांनी आवाज खाली आणला. "खंडोबा आला. घोड्यावर. उतरला आन् लगाम माझ्या हातात दिला. म्हनला, 'मंगल, जरा धर गं, आलोच.' मी म्हनलं, देवा, मला घोडं येत न्हाई. तर हसला. म्हनला, 'घोडं कोन म्हनतंय? नीट बघ.' बघतीय तर खाली चार चाकं, आन् हातात इस्टेरिंग."

"आणि मग?"

"मग वरन भात जळाला."

घरात या दृष्टांताचं स्वागत काही धड झालं नाही. सोपानराव म्हणाले, "पित्त असंल. जिरं खा." आत्याबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "समद्या पुने जिल्ह्यात देवाला हीच घावली व्हय? हिला चालता चालता फाटकाला धडकाय व्हतंय." आप्पांनी फक्त गाडी कुठली आणि सुटते किती वाजता ते विचारलं.

मीही आधी हसलेच. पण त्या दिवशी मंगलताई माझ्या उंबऱ्यावर बसल्या. त्या बसल्या ही गोष्टच इतकी नवीन होती की माझं हसू थांबलं. त्यांचं माहेर कुरकुंभच्या अलीकडे, सोलापूर रस्त्याला लागून. वडिलांचा मळा थेट हमरस्त्याला भिडलेला. पाणी धरायला म्हणून ही पोर बांधावर बसायची आणि ट्रक मोजायची. "डायवर लोक हात करायचे. मीबी करायचे. बानं इचारलं, 'काय व्हनार गं मंगल?' मी म्हनलं, डायवर. बा हसला. आईनं पाठीत धपाटा घातला. तवा ते ठिवून दिलं कुठंतरी आन् इसरूनच ग्येले." त्यांनी पदराने कपाळावरचं पीठ पुसलं. "देवानं नवीन काय दिलं न्हाई बाई. माझंच व्हतं, त्यानं हुडकून आनून दिलं. आता न्हाई घेतलं तर त्यो काय म्हनंल?"

"पण वेळ कुठून आणणार?"

"सपान देव देतो. येळ देत न्हाई. येळ ज्याचा त्यानं चोरायचा," त्या म्हणाल्या आणि उठल्या, कारण आत कडी वाजली होती.

गाडी मिळाली ती सोपानरावांच्या चुलतभावाची. एक जुनी पांढरी व्हॅन, जिच्यातून त्याने वर्षानुवर्षं मार्केटला मेथी-कोथिंबीर नेली होती. नवा टेम्पो आल्यावर ती यांच्या अंगणात येऊन पडली. काचा खाली केल्या तरी कोथिंबिरीचा वास जात नसे. आत बसलं की आपण जुडीत बांधलो गेलोय असं वाटे. शिकवायला युनूसभाई तयार झाले. त्यांची जीप तळेगाव-शिक्रापूर धंदा करायची. आता त्यांना दिसायला कमी लागल्यामुळे जीप मुलगा चालवी आणि युनूसभाई मोकळे होते. दृष्टी अधू असलेला माणूस ड्रायव्हिंग शिकवणार याचं मला जरा दडपण आलं. पण मंगलताई म्हणाल्या, "त्यास्नी दिसत न्हाई त्येच बरं. घाबरायचे न्हाईत."

अडचण एकच होती. दोन म्हाताऱ्या माणसांना घरात सोडून जायचं कसं? आप्पा बाहेर पडले की न्हावऱ्याच्या दिशेने चालू लागत, आणि आत्याबाईंनी हाक मारल्यावर कोणीतरी यायला हवं. चार दिवस मंगलताईंनी विचार केला. पाचव्या दिवशी त्यांनी मागच्या सीटवर गादी टाकली, सोपानरावांना झोपेतून उठवून दोघांनी मिळून आत्याबाईंना तिच्यावर आडवं केलं, त्यांच्या पायाशी आप्पांना बसवलं आणि गाडी बाजारतळावर नेली. नेली म्हणजे युनूसभाईंनी आणि गल्लीतल्या माणसांनी ढकलत नेली.

आत्याबाई जाताना ओरडत होत्या, "मला जित्ती न्यायलाय का मेलेली ते तरी सांगा!"

बाजार नसलेल्या दिवशी ते मैदान रिकामं असतं. दोन-चार शेळ्या आणि वाऱ्यावर उडणाऱ्या पिशव्या. तिथे रोज दुपारी हा वर्ग भरू लागला. युनूसभाई म्हणत, "भाभी, क्लच हळू सोडा. पायाखाली अंडं हाय समजा." मंगलताई पुढच्या काचेला चिकटवलेल्या खंडोबाला म्हणत, "देवा, क्लच तू बघ, बिरेक मी बघते." युनूसभाई कळवळून सांगत, "भाभी, देवाला मधी घालू नका. पॅडल तीन हायती, पाय दोन हायती, त्येच्यात अजून एक नको." गाडी बंद पडली की आप्पा प्रवाशांची माफी मागत. वेगात गेली की म्हणत, "डायवर, सावकाश, आपल्याला लवकर पोचून बक्षीस न्हाई मिळत." आणि डबल बेल दिल्याशिवाय गाडी सोडू देत नसत. मंगलताईंनी ती शिस्त मोडली नाही. सासऱ्यांचा शब्द म्हणून असेल किंवा त्या दोन थापांच्या वेळात गिअर पडायचा म्हणूनही असेल.

आत्याबाईंना आडवं असल्यामुळे खिडकीतून फक्त आभाळ, विजेच्या तारा आणि झाडांचे शेंडे दिसत. त्यावरून त्या गाडी चालवत. "खांब लई लवकर आला, हळू घी." "लिंबाचा शेंडा डाव्या अंगाला ग्येला, तू वाकडी चाललीयास." पहिल्या दिवशी घरी आल्यावर त्या चिडूनच होत्या. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्याबरोबर भिंतीपलीकडून आवाज आला, "मंगल, माझं लुगडं बदल. ह्ये डागाळल्यालं घालून मी भाईर येनार न्हाई." दोन वर्षं त्या बाईने घराचा पत्रा सोडून वर काही पाहिलं नव्हतं. पण हे त्या कधी बोलल्या नाहीत. "गाडीच्या हिसक्यानं पाठ मोकळी हुतीया," एवढंच म्हणाल्या.

मंगलताईंचं एकच अडलं होतं. त्यांना मागे घेता येईना. पुढे कितीही घ्या, पण रिव्हर्स पडला की त्या आरशात बघायच्याऐवजी मान पूर्ण वळवून आत्याबाईंकडे बघत, आत्याबाई म्हणत "माझ्याकडं काय बघतीस," आणि तोवर शेळी चाकाजवळ आलेली असे. "माग जायाची मला सवंच न्हाई बाई," त्या मला म्हणाल्या. मला वाटलं हे मोठं वाक्य आहे. त्याची किंमत आम्हाला पुढच्याच रविवारी कळली.

त्या रविवारी युनूसभाईंनी गाडी पहिल्यांदा मोठ्या रस्त्याला काढायची ठरवली. मला सुट्टी होती म्हणून मीही बसले. माझ्याकडे तिकीट होतं. गळिताचा हंगाम सुरू होता. गावाबाहेर पडलो तोच पुढे उसाचा ट्रॅक्टर लागला, मागे दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस.

"भाभी, हॉर्न मारा आन् काढा बाजूनं."

"नगं. त्यो चाललाय न्हवं नीट? आपन त्येच्या मागं जाऊ."

आम्ही त्याच्या मागे गेलो. मागून जीपवाले हॉर्न वाजवत होते, मंगलताई त्यांना खिडकीतून हात हलवत होत्या. ट्रॅक्टर वळला, आम्ही वळलो. दोन्ही बाजूंना उसाच्या गाड्या दिसू लागल्या तेव्हा युनूसभाईंनी डोळे बारीक करून विचारलं, "बाई, ह्यो रस्ता कोनता?" मी सांगितलं, की हा रस्ता नाही, साखर कारखान्याचं आवार आहे आणि आपण वजनकाट्याच्या रांगेत उभे आहोत.

"माग घ्या, भाभी."

मंगलताईंनी मान वळवली. मागे तोवर आणखी एक ट्रॅक्टर येऊन लागला होता. "माग मला येत न्हाई," त्या म्हणाल्या, "आन् आता जागाबी न्हाई. चला, पुढं सरकतंय तसं सरकू."

उन्हात, मळीच्या वासात, आम्ही पुढे सरकत राहिलो. आप्पांनी शेजारच्या बैलगाडीवाल्यालाही तिकीट दिलं. अखेर आमची व्हॅन काट्यावर चढली. खिडकीतल्या कारकुनाने वर न बघता विचारलं, "ऊस कुठाय?"

मागून आत्याबाईंचा आवाज आला, "मी हाय की! वाळल्याली हाय, पन घ्या!"

कारकुनाने वर बघितलं. गादीवर आडवी म्हातारी, पायाशी कॅलेंडरचे कपटे धरून बसलेले आप्पा, कपाळाला हात लावलेले युनूसभाई आणि स्टिअरिंगला लोंबकळल्यासारख्या मंगलताई. तो माणूस इतका हसला की खिडकी सोडून बाहेर आला. त्याने आम्हाला चहा पाजला. मंगलताई गाडीतून उतरल्या नाहीत, पण कप हातात घेतल्यावर त्यांनी माझ्याकडे चमकून बघितलं. "बाई, गरम हाय!"

पण मग थंडीत आत्याबाईंच्या छातीत कफ झाला. दवाखान्यात ठेवावं लागलं, घरी आणल्यावर पाठीला जखमा झाल्या. वर्ग बंद पडला. व्हॅनवर ताडपत्री पडली आणि कोंबड्यांनी तिच्यात अंडी घालायला सुरुवात केली. भिंतीपलीकडचे आवाज बदलले. आता मंगलताई देवाशी बोलेनाशा झाल्या. जखमा धुवायच्या, वळवायचं, भरवायचं, आप्पांच्या मागे पळायचं. त्यांच्या हाताची बोटं औषधाने पांढरी पडली. एकदा मी म्हटलं, "थोडे दिवस थांबलं तर काय बिघडलं? गाडी कुठे जातेय?"

"गाडी न्हाई जात. मीच चाललीय," त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच मला ऐकवेना.

एका सकाळी मात्र भिंतीपलीकडे त्यांचा आवाज चढला. पलीकडे माणूस कोणी नव्हतं. त्या देव्हाऱ्यापुढे उभ्या होत्या. "लगाम हातात द्याचा आन् पळून जायाचं, ही कुठली रीत? मी मागितलं व्हतं का? द्यायचं व्हतं तर संगट दोन हात जास्तीचे द्यायचे. चार दिस हितं यिऊन ऱ्हा. भाकरी थाप. ह्यांचं हागनं-मुतनं काढ. मग कळंल सपान कुनाला द्यावं!"

मग आत्याबाईंचा, दुखण्याने बारीक झालेला आवाज.

"मंगल."

"काय?"

"त्येला कशाला बोलतीस? त्येला कुठं दोन हात हायती, टाक हाय त्यो. सोप्याला बोलीव."

सोपानराव रात्रपाळी करून नुकते पडले होते. आत्याबाईंनी त्यांना उठवून उशाशी बसवलं. ते सगळं मी भिंतीतून ऐकलं, आणि कान झाकून घ्यावेत असं मला अजिबात वाटलं नाही.

"ही गाडी कवा शिकनार?"

"आई, तू बरी हो आधी."

"मी बरी हुनार न्हाई. ही अशीच ऱ्हानार. मंग काय, मी मरायची वाट बघत तिनं गाडी ठिवायची? मला काय त्ये शिव्याशाप घिऊन जायाचं न्हाई. तू रजा टाक. आन् त्या कोंबड्या काढ गाडीतनं."

शिरूरला आरटीओचा कॅम्प भरतो, तिथे मंगलताईंची परीक्षा ठरली. सोपानरावांनी त्या दिवसाची रजा टाकली. दोघांना ते एकटे सांभाळणार होते. परीक्षा पाहायला मी गेले नाही, पण युनूसभाईंनी जे सांगितलं ते असं. मंगलताईंनी गाडी छान काढली, वळवली, रिव्हर्ससुद्धा घेतली. साहेब खूश होते. परत येताना रस्त्याकडेला एक देऊळ लागलं. मंगलताईंनी चालत्या गाडीत दोन्ही हात सोडले आणि डोळे मिटून नमस्कार केला.

"बाई, उतरा," साहेब म्हणाले.

"साहेब, देवानंच पाठवलंय मला."

"मग लायसनही देवाकडूनच घ्या."

मंगलताई पडलेल्या चेहऱ्याने घरी आल्या तर अंगणात गर्दी. सोपानराव बनियन-लेंग्यावर बाहेर उभे आणि दार आतून बंद. झालं होतं असं, की ते पाणी तापवायला सरपण आणायला बाहेर गेले आणि परत येताना आप्पांनी तिकीट विचारलं. ते नव्हतं. आप्पांनी विनातिकीट प्रवाशाला खाली उतरवून कडी लावली. भर दुपारपासून सोपानराव दारापुढे विनवण्या करत होते. आत आत्याबाई जेवायच्या खोळंबल्या होत्या, खिचडी करपली होती आणि आप्पा आतून ठणकावत होते, "दंड भरा, मग बघू."

मंगलताई पुढे झाल्या. "मामा, पास हाय माझा." कडी निघाली.

सोपानरावांनी आत जाऊन आधी आईला भरवलं. मग ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसले. म्हणाले, "तू ह्ये रोज करतीस?"

"तुमी झोपल्यालं असताय," मंगलताई म्हणाल्या.

"परत कवा हाय परीक्षा?"

"ह्या म्हयन्यात."

"पास हो बाई. आन् आप्पास्नी संगं ने. आईचं मी बघतो."

नुसतं त्या दिवसापुरतं नाही. त्यांनी कंपनीत बोलून दुसरी पाळी मागून घेतली आणि रोज सकाळी आईची अंघोळ ते घालू लागले. पहिले काही दिवस भिंतीपलीकडून आत्याबाईंचा आरडाओरडा यायचा: "अरं, मी काय म्हस हाय का? हळू घास!" मग तोही कमी झाला. मंगलताई त्या वेळात अंगणात गाडी पुढे-मागे करत असत.

दुसऱ्या परीक्षेला मीच बरोबर गेले; आप्पांना धरून ठेवणं हे माझं काम. साहेब तेच होते. देऊळ दिसू नये म्हणून मंगलताईंनी त्या बाजूने पदर आधीच गालावर ओढून घेतला होता. साहेब गाडीत बसले आणि मी पर्समधून रुमाल काढेपर्यंत आप्पा माझ्या हातून निसटून मागच्या दाराने आत शिरले. मी पळत जाऊन त्यांच्या शेजारी बसले. साहेबांच्या खांद्यावर टकटक झाली.

"बोला साहेब, कुठं?"

साहेबांनी मागे बघितलं, मग मंगलताईंकडे. मंगलताई समोर बघत म्हणाल्या, "सासरे हायती. इसरत्यात. तिकीट घ्या साहेब, न्हाईतर गाडी सोडू द्यायचे न्हाईत."

मला वाटलं, संपलं. पण साहेबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी तो कपटा घेऊन खिशात ठेवला. "शिरूर," ते म्हणाले. "फुल."

चढावर साहेबांनी गाडी थांबवायला सांगितली. आता तिथूनच काढायची. मंगलताईंनी ब्रेक सोडला, गाडी मागे घसरली, त्यांनी परत दाबला. मागे एक ट्रक येऊन थांबला. त्या देवाशी बोलत नव्हत्या, कोणाशीच नाही. तेवढ्यात आप्पा पुढे वाकले. आवाजात नेहमीचा खणखणाट नव्हता, जुन्या मैत्रीतल्या माणसाशी बोलावं तसं ते म्हणाले, "घाई करू नका. पब्लिक नीट बसलंय. तुमची गाडी तुमच्या हातात हाय."

मग त्यांनी पत्र्यावर दोन थापा दिल्या, आणि गाडी चढ चढून गेली.

लायसन आल्यावर मंगलताईंनी ते आधी आत्याबाईंना दाखवलं. त्यांनी डोळ्यांजवळ धरून बघितलं आणि म्हणाल्या, "फोटूत तोंड सुजलंय." एवढंच. पण पुढे दर आठवड्याला मालिश आणि व्यायामाला गाडी शिरूरला जाऊ लागली, आणि काही महिन्यांनी आत्याबाई उशा लावून का होईना, बसू लागल्या. गाडीत जागा उरायची म्हणून गल्लीतली कोणी गरोदर सून, कोणाची डोळ्यांचं ऑपरेशन असलेली आई बरोबर निघायची. बायका नवऱ्याची मोटारसायकल रिकामी व्हायची वाट बघेनाशा झाल्या. मी एकदा विचारलं, "आता देवाचं काम झालं की. लगाम परत करायचा का?"

"त्यो मागायला आला तर बघू," मंगलताई म्हणाल्या. "त्येला तरी कुठं येळ हाय!"

मग माझी दौंडला बदली झाली. फोन व्हायचे, पण दुपारचे आणि घाईचे. आप्पा गेले तेही मला फोनवरच कळलं. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. मंगलताई नीट बोलत होत्या, सगळं सांगत होत्या. "अजून कडी लावते बाई," त्या म्हणाल्या. "मामा भाईर जातील म्हनून. लावल्यावर ध्येनात येतं."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते चौफुल्याला. आप्पांना जाऊन वर्ष होत आलं होतं. मी पुण्याला निघाले होते आणि बस चहापाण्याला थांबली होती. समोरच्या लिंबाखाली ती पांढरी व्हॅन उभी होती. कुरकुंभला, माहेराकडे, देवीला निघाल्या असणार. मी लगबगीने तिकडे गेले.

गाडीचं पुढचं दार उघडं होतं. सीट मागे पाडून मंगलताई गाढ झोपल्या होत्या. चपला खाली पडलेल्या, तोंड किंचित उघडं, एक हात स्टिअरिंगवर तसाच राहिलेला. दाराला लागून चाकाच्या खुर्चीत आत्याबाई बसल्या होत्या. त्यांनी पदराचं टोक उजव्या हातात धरलं होतं आणि सुनेच्या तोंडावर येणाऱ्या माश्या त्या एका लयीत हाकत होत्या. हात दुखत असणार, कारण मधेच तो मांडीवर टेकवत आणि लगेच परत उचलत.

"आत्याबाई," मी म्हटलं.

त्यांनी मला ओळखलं. डोळे हसले. पण मी आणखी पुढे गेले तसं त्यांनी पदर सोडून बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोला, बाई," त्या कुजबुजल्या. "डायवर झोपलीया."

माझ्या बसचा हॉर्न वाजला. आत्याबाईंनी वळून त्या आख्ख्या बसकडे असं डोळे वटारून बघितलं की मी धावतच परत गेले. खिडकीतून पाहिलं तेव्हा माश्या हाकणं पुन्हा सुरू झालं होतं.